पार्किंग नाही म्हणून

जळगाव,
मंगळवार, दुपार

प्रिय मोहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही. सासूबाईंचे गुडघे सोडले तर घरात सगळं ठीक आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तू ‘हो गं माझी बाई, सगळं तुझ्या मनासारखं होईल’ म्हणतेस आणि तुझ्यामागे कुकरची शिट्टी होते. म्हणून लिहायला बसले. दुकानातच बसले आहे. दुपारच्या वेळी पेठेत तसंही कुत्रं फिरकत नाही. समोर पूजेच्या सामानाच्या दुकानात रुपचंद नाना खुर्चीत मान टाकून झोपले आहेत.

भूमिकाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. सुरेख आहे. तुझ्या सासूबाईंचं, तानुबाईंचं नाव सगळ्यात वर घातलंस ते फार बरं केलंस. आपण दोघी चाळीसगावला एका बाकावर बसायचो, आणि आता तुझी मुलगी लग्नाला उभी. मला खूप काहीतरी वाटायला हवं होतं, पण पत्रिका वाचली, घडी घातली आणि गणपतीसमोर ठेवली. संसार अर्ध्यावर टाकून हितेंद्र गेल्याला दोन वर्षं होऊन गेली, तेव्हापासून माझं हे असंच झालंय. चांगली बातमी आली काय आणि वाईट आली काय, आत कुठेतरी गोधडीखाली ठेवल्यासारखी राहते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. पत्रिकेबद्दल मला आणखी लिहायचं आहे, पण आधी बक्षिसाचं सांगते. तू पेपरातला फोटो गावभर पाठवलास, माझ्या तोंडून मात्र अजून काही ऐकलेलं नाहीस.

आमच्या पेठेची कळा तू पाहिलीच आहेस. निम्मी शटरं खाली. गिऱ्हाईक हायवेकडच्या मोठ्या दुकानांत जातं, नाहीतर मोबाइलवर मागवतं. म्हणून व्यापारी मंडळानं यंदा एक स्पर्धा काढली, ‘जुनी पेठ, नवी उमेद’. पेठेत नवा धंदा काढायचा असेल किंवा जुना नव्यानं उभा करायचा असेल, तर स्टेजवर जाऊन पाच मिनिटांत आपली कल्पना मांडायची. जिंकेल त्याच्या दुकानाची दर्शनी बाजू मंडळ नवी करून देणार आणि वर्षाचं भाडंही भरणार. आमचं बांगड्यांचं दुकान हितेंद्रच्या आजोबांपासून भाड्याचं. मालकाला ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचंय, आणि मी मनाशी ठरवलं होतं की या दिवाळीनंतर आपणच किल्ली नेऊन द्यायची. रुपचंद नानांनी मला नाव द्यायला लावलं. म्हणाले, ‘सूनबाई, पेठ आयसीयूत गेल्यावर हे लोक भाषणांचं सलाइन लावायला निघालेत. पण तू जा. माझ्याच्यानं इंग्रजी होणार नाही, नाहीतर कापूर-उदबत्ती घेऊन मीच चढलो असतो स्टेजवर.’

आधी दोन रविवार शिकवणी होती. पुण्याहून एक मुलगी आली होती, गोड होती, ती आम्हाला बोलायला शिकवायची. आधी अडचण सांगा, मग उपाय सांगा, आणि मध्ये एक गोष्ट सांगा म्हणायची. माझ्या शेजारी रावेरकडचे एक गृहस्थ होते, केळीच्या खोडाच्या धाग्याच्या पिशव्या करणारे. दोन भावांना बंद पडलेल्या टॉकीजमध्ये बारमाही भरीत पार्टी चालवायची होती. त्यांनी वांगी भाजण्याचं इतकं वर्णन केलं की सगळ्यांना भूक लागली. माझी पाळी आली. मी बांगड्या एका प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर चढवून नेल्या होत्या. ती मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हा पाइप कशाला? तुम्ही स्वतःच कोपरापर्यंत भरून या ना, स्टेजवर काय दिसेल!’ मग कुणीतरी उठून तिच्या कानाला लागलं. ती इतक्या वेळा सॉरी म्हणाली की शेवटी मलाच तिची पाठ थोपटावी लागली. खरं तर तिचं बरोबरच होतं. पूर्वी माझा हातच आमचा शोकेस होता. आलेल्या बाईला राणी कलर हवा की पोपटी, ते ती माझ्या मनगटावर बघून ठरवायची.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. मी पाठ केलेलं सगळं नीट बोलले. नुसत्या बांगड्या विकायच्या नाहीत, पेठेत बसून हातात भरून घेण्याचा मान परत आणायचा, साडीवर जुळवून द्यायच्या, लग्नघरच्या बायकांसाठी वर बैठक करायची, फोटोला जागा करायची. लोकांना आवडत होतं, ते कळत होतं. मग परीक्षकांपैकी एक, मोठे उद्योजक आहेत, त्यांनी विचारलं, ‘ताई, कल्पना छान आहे. पण एवढं जुनं दुकान, एवढा हात बसलेला, तरी गेल्या दोन वर्षांत तुमचं लग्नाचं गिऱ्हाईक एवढं का तुटलं?’ त्यांनी चांगल्या मनानंच विचारलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पार्किंग नाही म्हणून.’ मोहिनी, काय टाळ्या पडल्या! अख्ख्या पेठेचं दुखणं मी एका वाक्यात सांगितलं होतं ना. मागून कुणीतरी ओरडलं, ‘बरोबर बोलली बहीण!’ महापालिकेचे साहेब मान हलवून काहीतरी लिहून घेऊ लागले. आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. शाल घातली, फोटो काढला. मी हसले आहे फोटोत. मला ते आठवत नाही.

रिक्षानं घरी आलो. सासूबाईंनी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते, तेव्हा म्हणाल्या, ‘बठ्ठं बोलनी तू. पन ते नही बोलनी.’ मी विचारलं नाही की सगळं बोलून राहिलं ते म्हणजे काय. तुला आठवतंय, आमचे मामंजी गेले तेव्हा सासूबाई दुकानात मागच्या अंगाला जाऊन बसल्या होत्या? पेटीतल्या बांगड्या गवतातून काढायच्या, पुसायच्या, डझनाच्या जोड्या बांधायच्या. त्याआधी पुढच्या गादीवर त्याच असायच्या, धुळ्याकडच्या कासाराची लेक, हात असा की गिऱ्हाइकाला बांगडी चढलेली कळायची नाही. आम्ही सगळे समजायचो, त्यांनी आता आराम करायचं ठरवलंय. त्या रात्री मी पहिल्यांदा विचारलं, ‘आई, तुम्ही पुढं बसणं का सोडलं?’ तर भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘माले कोनी इचारंच नही.’

कुणी विचारलंच नाही. मलाही तसंच झालंय. माझ्याशी कुणी वाईट वागलेलं नाही, हे आधी लिहिते, नाहीतर तू भांडायला येशील. बायका येतात, हितेंद्रची आठवण काढतात, डोळे पुसतात, मालही घेतात. रोजच्या बांगड्या असतील तर हातही पुढे करतात. पण लग्नाचा चुडा असला, ओटीभरण असलं, की म्हणतात, ‘पॅक करून द्या ताई, घरी भरू.’ पहिले काही महिने मला वाटलं, काळच बदलला. मामंजींनी मला शिकवलं होतं, हात हातात घेतला की आधी माहेर कुठलं ते विचारायचं. बाई माहेरचं सांगायला लागली की हात आपोआप सैल पडतो, आणि तेवढ्यात बांगडी अंगठ्यावरून उतरवायची. भरून झालं की माझ्या आईच्या वयाच्या बायका मला वाकून नमस्कार करायच्या, कासाराला करतात तसा. मी संकोचायचे, तर मामंजी म्हणायचे, घे, तो तुला नाही, हाताला आहे. हात तोच आहे गं अजून.

परवाचं सांगते. पेपरात फोटो आल्यावर एक आई लेकीला घेऊन मुद्दाम चोपड्याहून आली. गाडी लांब लावून चालत आल्या बिचाऱ्या, पार्किंगची काही तक्रार नव्हती. सगळ्यात भारी चुडा निवडला, घासाघीस केली नाही. आईनं माझ्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला, ‘तुमच्यासारख्या बायका पाहिल्या की बळ येतं’ म्हणाली. मुलगी गादीवर बसली, तिनं हात पुढे केला. मी साबणाचं पाणी घेतलं. तेव्हा आई हळूच, अगदी अदबीनं म्हणाली, ‘ताई, भरायला कुणी बाई आहेत का तुमच्याकडे?’ मी म्हटलं, आहेत ना. समोर जाऊन नानांच्या सुनेला बोलावून आणलं. तिनं आयुष्यात दुसऱ्याला बांगडी भरलेली नाही. ती येईना, म्हणाली, ‘काकू, तुम्ही असताना मी?’ मी म्हटलं, चल गं, ग्राहक आहे. तिनं भरल्या. तिसरीच बांगडी कट्कन वाढली, मग आणखी दोन. नवरीच्या चुड्यातली बांगडी वाढणं किती वाईट मानतात ते तुला मी काय सांगू. पण आई म्हणाली, ‘असू दे, असू दे, नवीन आहे ती.’ मुलीच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ आली होती. मी हातात पेटी धरून बाजूला उभी होते आणि एकेक बांगडी नानांच्या सुनेला काढून देत होते. जाताना मुलगी नमस्कार करायला वाकली आणि मध्येच थांबली, कुणाला करायचा ते तिला कळेना. मग तिनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. त्या गेल्यावर काचा गोळा करताना मी वाट बघत होते की आता तरी रडू येईल. आलं नाही. गादी झाडली आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

आता पत्रिकेचं लिहिते. पत्रिका पाठवलीस त्या दिवशी तू फोन केला होतास. चुड्याच्या, करवल्यांच्या, सगळ्या बायकांच्या बांगड्या तुझ्याच दुकानातून घेणार, दुसरीकडून एकही नाही, असं किती प्रेमानं म्हणालीस. आणि त्याच दमात म्हणालीस, ‘भरायला शिंदखेड्याचा अमृत कासार येतोय, तू अजिबात कामाचं काढू नकोस, चार दिवस नुसती पाटावर बस.’ मी हो म्हटलं. तुझ्या मनात काय होतं ते मला खरंच माहीत नाही. कदाचित मला आराम मिळावा एवढंच असेल. कदाचित तानुबाईंनी काही म्हटलं असेल आणि तू ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नसशील. तू मला विचारलं नाहीस, आणि मीही तुला विचारलं नाही. सासूबाईंसारखं मागच्या अंगाला जाऊन बसणं फार सोपं असतं, हे मला आता कळतं. नव्या दर्शनी भागाचं काम सोमवारपासून सुरू होतंय. काच येईल, दिवे येतील, मोठ्या अक्षरात पाटी येईल, आणि आत पुढच्या गादीवर कुणी बसायचं, ते अजून ठरलेलं नाही.

म्हणून हे पत्र. मोहिनी, हळदीच्या दिवशी भूमिकाच्या हातात चुडा मी भरू का? लगेच हो म्हणू नकोस. फोन तर करूच नकोस. आधी भूमिकाला एकटीला विचार, माझं नाव घेऊन विचार, आणि ती काय म्हणेल त्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघ. मग तानुबाईंना विचार. दया म्हणून हो नको. मनात शंका ठेवून लेकीचा हात माझ्या हातात दिलास, तर तो मला धरवणार नाही. आणि नाही असेल तर ‘नाही’ एवढंच लिही, दुसरं कुठलंही कारण सांगू नकोस. मी तरीही येईन, चुडा कापसात बांधून माझ्याच पिशवीतून आणीन, आणि म्हणशील तिथे पाटावर बसेन. फक्त एक लक्षात ठेव. सहावीत असताना भूमिका आखाजीच्या सणाला झोक्यावरून पडली होती, त्या डाव्या मनगटाचं हाड थोडं वर राहिलंय. बांगडी तिथे अडते. जोर लावायचा नाही, करंगळी आत घ्यायला सांगायची आणि थांबायचं. अमृत भरणार असेल तर त्याला हे आठवणीनं सांग. मी भरणार असेन तर सांगायला नको.

तुझीच,
माला