दादाच्या डांबराचा निकाल

ती. दादास,

लांबूनच वाकून नमस्कार. (हल्ली वाकलो की सरळ व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ आशीर्वाद चालू ठेव.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला गेला का? जावईबापू अजून तुझ्याशी बोलतात ना? इकडे आम्ही सगळे मजेत. दुकानात कपाटं-गाद्यांची विक्रीही बरी चाललीय, फक्त दुकानासमोरच्या आवाराची तब्येत बिघडली आहे. परवा "माझ्या डांबराला कोणी हात लावायचा नाही" एवढंच बोलून तू फोन आपटलास आणि तेव्हापासून उचलत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो. निवांत बसून वाच.

आधी नुसत्या भेगा होत्या. त्या आम्ही डांबर ओतून बुजवल्या. मग खड्डे पडले, त्यांना ठिगळं लावली. ठिगळं इतकी पक्की बसली की ती जागच्या जागी राहिली आणि आजूबाजूचं आवारच खचलं. आता आत येणारी गाडी ठिगळावर चढते आणि डांबरावर उतरते. आपले भाडेकरू दंतवैद्य मात्र तक्रार करत नाहीत. (फाटकातून आत येताना असे गचके बसतात की दुखरा दात नेमका कोणता, ते पेशंटला दारातच कळतं.)

खरा घोटाळा मंगळवारी झाला. आरशाचं मोठं कपाट घेऊन आपला टेम्पो निघाला आणि मागचं चाक भसकन खाली गेलं. कपाट कलंडलं, टेम्पोवाल्याने पाठ लावून ते थोपवून धरलं, आणि मी ओरडण्यापलीकडे काही करू शकलो नाही. दंतवैद्य आ वासलेल्या पेशंटला तसाच खुर्चीत ठेवून ढकलायला धावले. टेम्पो निघाला, पण चाकाखालच्या भेगेतून चिखलाची अशी पिचकारी उडाली की त्यांचा पांढरा कोट पार रंगून गेला. पेशंटने त्यांना ओळखलंच नाही. (तोंड मिटून घरी गेला म्हणतात.)

आता भर उन्हाळ्यात चिखल आला कुठून? कंत्राटदाराला बोलावलं. त्याने ठिकठिकाणी पहार ठोकून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, नुसता वरचा थर गेला असता तर डागडुजीवर भागलं असतं. इथे खालची खडीच भिजून बसलीय. सगळं उकरून पाया नव्याने भरावा लागेल." मी तरीही आणखी एकेक ठिगळ सुचवून पाहत होतो. शेवटी ही म्हणाली, "ओली भिंत रंगवली म्हणून कोरडी होते का?" आणि आत निघून गेली. हिचं असं आत जाणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे.

पण दादा, खरं सांगतो, माझा जीव होत नाही. डांबर पडलं त्या दिवशी तू डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून रोलरच्या पुढे पुढे उलटा चालत होतास. गरम डांबरात तुझी चप्पल रुतून बसली, तर तू तिला तिथेच सोडलंस, पण रोलर थांबू दिला नाहीस. संध्याकाळी त्या काळ्याभोर आवारात आपण दोघं अनवाणी उभे होतो, आणि तू म्हणालास, "आता आपलं दुकान दुकानासारखं दिसतंय." ते मी कसं उकरू? म्हणून तुझा होकार आल्याशिवाय इथे फावडं लागणार नाही, हा माझा शब्द.

वहिनीला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. वरचा शब्द सकाळी दिला होता. दुपारी कंत्राटदाराचं खोदायचं मशीन अचानक मोकळं झालं, आणि ही आतून बाहेर आली. त्यामुळे सध्या निम्मं आवार उकरून झालं आहे. तुझा होकार सवडीने आला तरी चालेल.

ता.क. २. पाया कशाने भिजला तेही कळलं. खालचा पाण्याचा पाइप बऱ्याच दिवसांपासून झिरपत होता. तो आता झिरपत नाही. मशीनच्या दाताने तो पुरता तुटला आहे. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह कुठेही सापडत नाही, आणि शेजारपाजारचे सगळे म्हणतात की त्याच्या झाकणावरून तूच रोलर फिरवलास. तो नेमका कुठे आहे? काळजीचं कारण नाही, गाद्या वरच्या मजल्यावर हलवल्या आहेत आणि दंतवैद्य टेबलावर उभे राहून दात काढत आहेत. हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती देतोय, उत्तर मिळेपर्यंत तो तुझ्या दारात थांबेल. त्याला चहा नंतर दे, उत्तर आधी.