पेटीच्या नळीतला बोळा

२ एप्रिल १९७९
जिंतूरच्या भोंगेवाल्यानं शेवटी नाहीच म्हटलं. "तुमच्या जयंतीला? न्हाई बाबा. गेल्या पावसाळ्यात काय झालं, माहीत हाय ना!" माहीत आहे! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून पेटलं, तेव्हा जळाली ती आमचीच वस्ती.
मग मीच स्पीकरची पेटी करणार. तीन वर्षं रेडिओच्या दुकानात डाख लावतोय ते उगीच का? भोंगा गावभर ओरडतो, पेटी समोर बसलेल्यांपुरती बोलते. बाबासाहेबांचं गाणंही होईल आणि ओढ्यापलीकडं कुणाचं डोकंही फिरणार नाही — असं मला वाटतं. वाटून घ्यायला काय जातं!

४ एप्रिल
प्लायवूडची पेटी झाली. भंगारातला बारा इंची स्पीकर बसवला. पण चारी बाजूंनी बंद पेटीत ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. दुकानातल्या मासिकात चित्र आहे — खाली भोक पाडायचं, आत नळी बसवायची. म्हणजे स्पीकरच्या पाठीमागची हवाही कामाला लागते. कापडाच्या ठाणातली पुठ्ठ्याची नळी मिळाली.

६ एप्रिल
नळी आखूड कापली! आवाज नुसता घुमतो, गाढव रांजणात ओरडल्यासारखा. दुसरी हातभर ठेवली. नळी लांब तेवढा आवाज खोल. वस्तीचे गायक भगवानराव तात्या माईकपुढं ढोलकी घेऊन बसले, मी भोकासमोर उदबत्ती धरली. थाप पडली की धूर उडायचा! "आरं, छातीत वाजायलंय!" तात्या म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी हसलो.
आई हसली नाही.

७ एप्रिल
मुंजाजी आला. त्याचं शेत आणि शेतातला आखाडा, म्हणजे गोठा-खोपट, ओढ्यापलीकडं, गावाच्या अंगाला. "काल तुमची ढोलकी लय चांगली वाजायलती. माझ्या आखाड्यावर ऐकू आली." हसत म्हणाला. त्या हसण्याचीच भीती वाटली.
आवाज वस्तीत राहील म्हणे! ती खोल धबधब ओढा ओलांडून गेली. नळी मीच लांब केली. मीच!
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या पाठी तर खरीच माणसं होती, रॉकेल घेऊन.

९ एप्रिल
आई म्हणते, "मोड ती पेटी. एकदा जळालं तेवढं बस झालं." तात्या म्हणतात, "मग काय मुक्यानं जयंती करायची?" दोघांचंही खरं आहे.

११ एप्रिल
आईनं गाठोड्यातून तिचं लुगडं काढलं. आगीतून हाती लागलं ते एवढंच, तेही अर्धं जळालेलं. कुणाला हात लावू देत नाही. म्हणाली, "ह्याचा बोळा घाल त्या भोकात."
घातला. ढोलकीचा पुन्हा डबा झाला. तात्यांनी ढोलकी खुंटीला अडकवली. मला बरं वाटलं. लाज वाटली, पण बरंच वाटलं.

१३ एप्रिल
गावातले दोघं सायकलवरून गेले. थांबले नाहीत, पेटीकडं मात्र बघून गेले. बोळा आणखी आत ढकलला.

१४ एप्रिल
सकाळी पाहतो तर नळी रिकामी! "बोळा कुणी काढला?" — ओरडलोच.
आई घरातून बाहेर आली. जळका भाग कापून, दुसऱ्या जुन्या लुगड्याचा तुकडा जोडून, दंड घालून तेच लुगडं नेसली होती. सगळ्यांच्या पुढं, पेटीसमोर जाऊन बसली.
"वाजव," म्हणाली. "जाऊ दे आखाड्यापातूर."