सुतळी धरणारी

मोताळा, १२ जानेवारी २०२५

चि. सारिका हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. तीन महिन्यांनीच का होईना, मी मोठी आहे. आशीर्वाद द्यायचा हक्क मला अजून कुणी नाकारलेला नाही.

फोनवर तुझा नंबर बंद केला आहे, म्हणून हे पोस्टाने. तुझे बर्फातले फोटो पाहून सकाळचा चहा कडू लागायचा. मला अमेरिकेचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला, हे तुला उत्तमकाकांकडून कळलंच असेल. काका आठवडी बाजारात उभे राहून आपल्या लेकीचं कौतुक सांगतात आणि मी पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीने जाते.

बुलढाण्याच्या क्लासमध्ये सरांनी आपल्याला व्हिसाच्या मुलाखतीची सारखीच उत्तरं पाठ करायला दिली होती. मी ती स्वल्पविरामासकट पाठ केली, जयंतीच्या भाषणासारखी खणखणीत म्हटली, आणि दोन्ही वेळा परत आले. तू मात्र मुंबईच्या वकिलातीच्या खिडकीवर सगळं विसरलीस आणि आमच्या वावरातल्या कामगंध सापळ्यांची गोष्ट सांगून आलीस! बोंडअळीचे पतंग पकडायला ते सापळे मी लावले होते. तू नुसती सुतळी धरली होतीस. आता मी तेच सांगायचं म्हणजे तुझी नक्कल. ते माझ्याच्याने होणार नाही.

एप्रिलमध्ये तिसरी मुलाखत आहे. तुझं विद्यापीठ यापुढे माझी जागा राखणार नाही, तेव्हा ही शेवटचीच. आई म्हणते, काऊन जळून राह्यली, बहीन हाये थे तुही. मी म्हटलं, बहीण आहे म्हणूनच.

लोभ आहे, सध्या वाढवू नये.
महामाया

लिंकन, नेब्रास्का, ३ फेब्रुवारी २०२५

ती. महामायाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

आशीर्वाद पोचले, टोमणेही पोचले. सुतळीचं म्हणतेस ते खरंच आहे. पण त्या दिवशी पाठ केलेलं सगळंच उडालं होतं. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं की किडेच का शिकायचे, आणि मला तुझे चिखलाने भरलेले हात आठवले.

तू खिडकीलाही स्टेज समजतेस, ताई. तिथे परीक्षक बसलेले नसतात. सापळे तुझे आहेत, तू सांग. नक्कल कुणी केली असेल तर ती मी.

आणि जळण्याचंच काढलंस तर ऐक. दर जयंतीला पहिलं बक्षीस तुला आणि उत्तेजनार्थ मला. मी कधी तुझा नंबर बंद केला?

लोभ कमी करणं मला जमत नाही.
तुझी धाकटी,
सारिका

मोताळा, २२ एप्रिल २०२५

चि. सारिका हिस,
सप्रेम जयभीम.

काल मुंबईहून आले. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, हाच विषय का. माझ्या तोंडून पाठ केलेलं पहिलं वाक्य निघालंच, तेही भाषणाच्या आवाजात. शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळून बघायला लागला. साहेबांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले की सकाळपासून ते हेच ऐकतायत.

मग मला रागच आला. सांगितलं की सापळे मी लावले, किती पतंग अडकले ते बघून फवारणी ठरवली, आणि पुढे शेजारचे शेतकरीही मलाच विचारायला यायला लागले. हेही सांगितलं की हीच गोष्ट माझी चुलत बहीण इथे सांगून गेली, तिने फक्त सुतळी धरली होती, आता ती बर्फात खेळतेय आणि मी तिसऱ्यांदा इथे उभी आहे, हे मला सहन होत नाही.

साहेब हसले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. सारिका, व्हिसा मिळाला! आई रडली, काकांनी बाजारात पेढे वाटले, आणि या वेळी मी दुसऱ्या गल्लीने गेले नाही.

नंबर सुरू केला आहे. लोभाचंही तेच समज.
महामाया

लिंकन, ९ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम.

फोनवर अभिनंदन केलं, पण हे फोनवर बोलवेना. बातमी ऐकून मी नाचले, पण त्याआधी पोटात दुखलं. इथे सगळे मला सापळेवाली म्हणून ओळखतात. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी माझा पहिला नंबर होता, आणि आता खरी सापळेवाली येतेय. मोठ्या आईला सांग, तिच्या लेकीवर आता मी जळून राह्यली.

खोलीत दुसरी खाट आणून टाकली आहे. खिडकीजवळची मात्र माझी.

लोभ वाढवायला आता हरकत नाही. ऑगस्टमध्ये इथल्या मक्यात सापळे लावायचे आहेत. पहिला मी लावणार. सुतळी तू धरायची.

तुझी,
सारिका