काठोकाठ भरलेला पेला

रबिलाखर ९, हिजरी १३२९

आज पुन्हा भांडले. मुतलकशी. असेल गावाचा शेख — मी पाजलंय त्याला! तेव्हाही चावायचा, अजून चावतो.

म्हटलं, "माझ्या मैथाच्या लग्नाचं काय?"

म्हणे, "अम्मा, आधी तोफांचं काय ते होऊ दे."

तोफा! गेल्या थंडीत इंग्रजांचं जहाज आलं. खाडीपलीकडच्या हमरा गावच्या शेख खल्फानला पाच तोफांची सलामी दिली आणि आमच्या मुतलकला तीन. झालं! त्या दिवसापासून खाडी बंद. आमची होडी तिकडे नाही, त्यांची इकडे नाही. आणि माझ्या नातीचा नवरामुलगा, उबैद, नेमका तिकडचा. दोन तोफांसाठी एक लग्न अडकलंय.

रबिलाखर १०

मैथा दिवसभर गप्प. शेळीशी मात्र पोटभर बोलली.

रबिलाखर १४

मोत्यांचा हंगाम जवळ आला. एकदा उबैद गलबतावर चढला की उन्हाळा सरेपर्यंत पाण्यात. बुड्या मारणाऱ्या पोराचं काय सांगावं. सगळेच काही परत येत नाहीत. हे मैथाला बोलले नाही. तिचा बाप तसाच गेला, तिला काय सांगायचं?

सकाळी किनाऱ्यावर मासे वाळत घालत होते. उबैदचा आजोबा, नाखवा सुहैल, खाडीच्या मध्यावर जाळं ओढत होता. त्याच्या अलीकडे यायची बंदी. तिथूनच ओरडला, "काय गं म्हातारे! आहेस का अजून?"

"तुला पुरल्याशिवाय जाते होय!"

"मग तोवर शेखाला सांग — राहिलेल्या दोन तोफा मी तोंडाने वाजवून देतो!" आणि वाजवल्याही. बगळे उडाले.

आगाऊ माणूस. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, जीभ आहे तशीच.

रबिलाखर २०

इंग्रजांचा साहेब येतोय! मोठा वकील आहे म्हणे त्यांच्या सरकारचा. दोन्ही शेखांकडून समझोता लिहून घेणार. आमच्या सोयरिकीसाठी नव्हे हो — त्याची जहाजं हिंदुस्थानातून बसऱ्याला जातात, वाटेत कुणी बंदूक उडवू नये म्हणून. असेना का! त्याची जहाजं जावोत, माझं वऱ्हाड जावो.

पण शहाणा आधी खल्फानकडे गेला. मुतलक नुसता तडतडतोय. "येऊ दे अम्मा, असा कहवा पाजतो की पुन्हा येणार नाही."

आता संपलंच म्हणायचं.

रबिलाखर २२

अक्षर वाकडं येतंय. हसून हसून! नीट लिहिते.

बैठकीला सगळं गाव. मी पडद्याआड, शेगडीपाशी. शेखाच्या बैठकीचा कहवा मीच करते, दुसऱ्याच्या हातचा त्याला चालत नाही. साहेब लालबुंद, मांडी घालता येईना, एक पाय सारखा बाहेर. शेजारी बसऱ्याचा दुभाष्या.

मुतलक स्वतः उठला. माझ्या हातून किटली घेतली आणि साहेबाचा पेला भरला — काठोकाठ! आमच्यात पाहुण्याला घोटभर ओततात, संपला की पुन्हा घोटभर. काठोकाठ म्हणजे एकच — प्या आणि चालते व्हा. सगळ्यांच्या माना खाली. एवढा अपमान!

साहेबाला काय कळतंय! आनंदाने घेतला हातात. आणि पुढच्या क्षणी तोंड वाकडं करून तसाच, एक थेंब न पिता, जमिनीवर ठेवला.

अरे देवा!

सगळ्यांच्या माना वर! कारण पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. यजमान 'दिलं' म्हणत नाही तोवर तो पीत नाही. आणि पाहुणा तसाच उठून गेला तर त्या यजमानाने पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये.

मुतलकचा चेहरा! लहानपणी खजुराची बी गिळली होती, तेव्हा असा झाला होता. पेल्याकडे बघतोय, गावाकडे बघतोय. शेवटी म्हणाला, "प्या साहेब. मागाल ते दिलं."

साहेब दुभाष्याकडे बघायला लागला. दुभाष्या पक्का — कानात काहीतरी पुटपुटला. साहेब सावरून बसला आणि म्हणाला, खल्फानशी समझोता. खाडी मोकळी.

मला राहवेना. पडद्याआडून ओरडले, "मोकळी म्हणजे वऱ्हाडालाही ना?"

"अम्मा!"

"तुला नाही विचारत, साहेबांना विचारतेय!"

सगळी बैठक हसली. मग मुतलकही हसला, वाईट तोंडाने. "वऱ्हाडालाही."

साहेबाने पेला उचलला. सगळा प्यायला. काळाकडू कहवा, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

जाताना दुभाष्याला गाठलं. "साहेबांना आपली रीत चांगली ठाऊक दिसते?"

"छे हो आजी. हात भाजला."

रबिलाखर २५

दोन्ही शेख एकदमच जहाजावर चढले — आधी कोण हा वाद नको म्हणून बाजूबाजूला दोन शिड्या लावल्या! कागदावर शिक्के उठवले. काय लिहून दिलं ते दोघांनाही धड वाचता येत नाही. इंग्रजाला येतं. त्याचं तेवढ्यात भागतं.

मग पाच तोफा उडाल्या. मुतलक म्हणतो माझ्यासाठी. हमराची माणसं म्हणतात आमच्यासाठी. साहेबाला विचारलं तर नुसता हसला. एवढं शिकलाय आता.

जमादिलावल ४

लग्न झालं! डफ, भात, तूप, हलवा — दोन्ही गावं जेवली. खल्फान मुतलकच्या शेजारी बसून मटणावरून भांडत होता. चांगलं लक्षण.

होडीत बसताना मैथा रडायला लागली. "आजी, तू एकटी!"

"एकटी कुठे? शेळी आहे. जा आता, भरती उतरेल."

सुहैल सुकाणूवर. आज जीभ कुठे ठेवून आला होता कोण जाणे. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

जमादिलावल ६

घर मोठं वाटतंय. झावळ्यांचं एवढंसं घर. शेळी सारखी दाराकडे बघते. मूर्ख आहे.

जमादिलावल ९

सकाळी सुहैल आला. एकटाच, नवा सदरा घालून. मैथाचा निरोप असेल म्हटलं. निरोप नव्हता. कहवा ओतला, घोटभरच. त्याने घेतला, आणि न पिता जमिनीवर ठेवला.

या वयात! दाढी पांढरी झाली, कान लाल झालेले दिसत होते.

मी बराच वेळ शेगडी फुंकत बसले. चांगली पेटलेली होती.

मग म्हटलं, "पी आता. गार होतोय."