पेटी घराबाहेर काढण्याबाबत

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. सध्या घरात आम्ही सगळेच वाकलेले आहोत, त्याचं कारण पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस, की ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांच्याकडून करून घेतेस? फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि मुद्द्यावर यायला मला दोन-तीन पानं लागतात. शिवाय आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलणं म्हणजे जाहीर सभा घेणं.

मला बालवाचनालयात नोकरी लागल्याचं तुला ठाऊकच आहे. (आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून तू माझ्याबद्दल गल्लीभर जे सांगितलंस, तेही फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलं. मी सुवर्णपदक मिळवलेलं नाही, आत्या. कृपा करून ते तेवढं मागे घे.) तर वाचनालयात मुलं येत नाहीत. येतात ती पंख्याखाली बसायला. मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, गोष्टींच्या कपाटांपलीकडचा खिडकीजवळचा कोपरा मला द्या. तिथे मी व्हिडिओ गेमची उभी पेटी ठेवते, पूर्वी दुकानांतून असायची तशी, वर पडदा आणि खाली दांडी नि बटणं. पाच पानं वाचली की एक डाव. बाई म्हणाल्या, पेटी आणणार कुठून? मी सगळ्यांसमोर छाती पुढे काढून म्हणाले, आमच्या घरी बनवू, माझे वडील सुतार आहेत. बाईंनी एक तारखेपर्यंत मुदत दिली. तोवर पेटी आली नाही, तर त्या कोपऱ्यात जुन्या रजिस्टरांचं लोखंडी कपाट जाणार. ते कपाट मी पाहिलं आहे. त्यातून एकदा काहीतरी पळालं होतं.

बाबांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे कपाट आहे की देव्हारा?" मी म्हटलं, नकाशा आहे बाबा, त्यात सगळं लिहिलेलं आहे. माझा लिहिलेल्या गोष्टींवर फार विश्वास. इंटरनेटवरून चोवीस पानांचा नकाशा उतरवला, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर पानाला पान चिकटवून पेटीच्या एका बाजूचं चित्र तयार केलं. चित्र खऱ्या मापाचं असणार होतं. फळीवर ठेवायचं, पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. बाबा आले, टेप काढली, चित्रावर आडवी-उभी लावली आणि कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावरच ठेवली. मग म्हणाले, "या पेटीसमोर उभं कोण राहणार?" (बाबा ओटा बांधतानाही आधी स्वयंपाक करणारीच्या कोपराचं माप घेतात, हे तुला माहीत आहे.) मी म्हटलं, पहिली-दुसरीतली मुलं. "मग ठीक आहे," असं म्हणून ते चहा प्यायला गेले. मला वाटलं, शिक्षणापुढे अनुभवाने मान तुकवली. त्या दिवशी मी डायरीतही तसं लिहून ठेवलं.

पुढचे आठ दिवस फार सुखाचे गेले. मी नकाशा वाचून सूचना द्यायची आणि बाबांनी करवत चालवायची. कधी मी करवत धरली की बाबा खिडकीबाहेर बघायचे. आई भुशातून वाट काढत म्हणायची, "पदवी घेतलीस ती लाकूड फोडायला होय?" शेवटी बाजू जोडल्या, पाठ बसवली आणि मी मॉनिटर आणला, नकाशात लिहिल्याप्रमाणे बरोबर एकोणीस इंची. तो जाईना. आडवा जाईना, उभा जाईना, तिरका धरला तर माझं बोट जाऊन अडकलं. बटणांची भोकं तर एवढीशी, की बटणं नुसती वर बसून हसत होती. मी टेप लावली. पेटी साडेपाच फुटांची व्हायला हवी होती, ती भरली चार फुटांना दोन बोटं कमी. आत्या, नकाशा मोठ्या कागदासाठी होता. दुकानदाराने तो छोट्या कागदावर मावेल असा बारीक करून छापला आणि मी त्याला वर धन्यवाद देऊन आले होते.

मी तिथेच भुशात बसले. सगळ्यांसमोर काढलेली छाती आठवली, लोखंडी कपाट आठवलं. बाबा म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, "बरोबरच येत होतं की. मुलांच्या कोपराला लागते तेवढीच उंची झाली. चुकलं असेल तर नकाशा काढणाऱ्याचं. त्याने सगळे आपल्याएवढेच धरले." मग त्यांनी स्वतः भोकं मोठी केली. शेजारचे टीव्ही दुरुस्तीवाले काका एक पंधरा इंची जुना मॉनिटर घेऊन आले, तो असा बसला जणू वाटच बघत होता, आणि त्यांनीच तारा जोडल्या. बटण दाबलं. पडद्यावर एक ठोकळ्याएवढा माणूस उडी मारून खड्ड्यात पडला आणि आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला पदवीच्या निकालालाही झाला नव्हता. (हे मात्र गल्लीत सांगू नकोस.)

डायरीतलं ते वाक्य मी खोडलं आहे. बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

तुझी भाची

ता. क. पेटी तयार होऊन सहा दिवस झाले, पण ती घरातून हलत नाही. बाबा हत्यारांच्या पेटीवर बसून खेळतात. हत्यारं त्यांच्याखाली, त्यामुळे कामही बंद. विचारलं तर म्हणतात, दांडी सैल आहे का ते बघतोय. आई तर दिवसभर पेटीपुढे वाकून उभी, ती त्यांच्याही पुढे गेली आहे. काल दूध उतू गेलं, मी हाक मारली, तर म्हणाली, "थांब गं, मी मरतेय." एक तारीख सोमवारी आहे. म्हणून मुद्द्याचं असं, की आदल्या रविवारी तू दोघांना काहीतरी कारण काढून दिवसभर तुझ्याकडे बोलावून घे, तेवढ्यात मी आणि टीव्हीवाले काका पेटी हातगाडीवर घालतो. मी तत्त्व म्हणून खोटं बोलत नाही, त्यामुळे ते तुलाच बोलावं लागेल.

ता. क. दुसरा. पाकिटाचा डिंक सुकला आहे, तो बाबांकडून लावून घेते.

ताई, हे मी लिहितोय. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं. पोरगी शिकली खूप, पण अजून साधी आहे. तू रविवारी बोलावच. पेटी मुलांची आहे, ती जायलाच हवी, फक्त निघताना मी घरात नसलेलं बरं. कारण काय ते मला आधी कळवू नकोस, फोन आला की मी लगेच निघेन. पण हिच्या आईला पटेल असं काहीतरी भक्कम काढ. तुझा गुडघा पुरणार नाही. ती सातव्या पातळीवर आहे आणि तिचे अजून दोन जीव शिल्लक आहेत.