आधी बांधणी, मग वाचन

८ जानेवारी

झालं एकदाचं लॉगिन! पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना कॉलेजात नाव घातलं, आणि पहिले तीन दिवस नुसत्या पासवर्डात गेले. आकडा हवा, चिन्ह हवं, आठ अक्षरं हवीत — एवढं तर तिजोरीलाही लागत नाही. शेवटी धाकटीनं फोन हातातून ओढून घेतला. "ताई, अशी टोचत राहिलीस तर काच फुटेल." दोन मिनिटांत लागलं. वर म्हणते कशी, "मला काय कळतंय, मी ढ. अंदाजानं दाबलं."

समाजशास्त्र घेतलंय. बारा आठवडे. दुकानात बसूनच करायचं. तसंही बाइंडिंगचं काम कुठे राहिलंय? मुलं आता प्रबंध फोनवरून पाठवतात, सोनेरी अक्षरांचं कव्हर कोणाला हवंय! पंचवीस वर्षं आम्ही दोघी बहिणींनी लोकांच्या पदव्या शिवल्या. आत काय लिहिलंय ते मात्र कधी वाचलं नाही.

११ जानेवारी

सगळ्या धड्यांचे प्रिंट काढले. चांगला जाड कागद वापरला.

१९ जानेवारी

हसावं की रडावं! आमच्या वडिलांची, अप्पांची, शिस्त हाडीमाशी मुरलेली — शेवटचं पान जुळल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही, आणि शिवून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. तर आठ दिवस मी काय केलं? बाराही आठवड्यांचे धडे जुळवले, शिवले, पुठ्ठा चढवला, निळं कापड लावलं, वर विषयाचं नाव छापलं. आज सकाळी ऐटीत पहिलं पान उघडलं. मग फोन बघते तर दोन चाचण्यांची मुदत संपलेली! दोन्हीत शून्य.

धाकटी पोट धरून हसली. "परीक्षा बुडाली गं, पण पुस्तक काय देखणं झालंय!" मग मीही हसले. किती दिवसांनी दोघी अशा हसलो.

२४ जानेवारी

शिकवणाऱ्या बाईंचा व्हिडिओ लावून ठेवते, धाकटी पुठ्ठ्याला खळ लावता लावता ऐकते. मला दोनदा मागे घ्यावं लागतं, तिला एकदा पुरतं. आज चाचणीत मी अडखळले की ती मान वर न करता उत्तर सांगायची. दहापैकी दहा! माझ्या नावावर.

"हुशार आहेस हो ताई तू," म्हणाली. चेष्टा करत नव्हती. तिला खरंच तसं वाटतं. जेवण गेलं नाही मला.

३१ जानेवारी

निबंधाचा विषय आलाय — 'तुमच्या कुटुंबातला एक मोठा निर्णय कोणी आणि कसा घेतला?' तिला वाचून दाखवला. म्हणाली, "आपल्याकडे कसले निर्णय! अप्पा गेले, तू दुकान धरलंस. माझं कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेच्या यादीत नाव लागलं नाही, मी तुझ्या हाताखाली आले. आपोआप झालं सगळं."

आपोआप!

लिहूनच टाकते. तिचं नाव लागलं होतं. ती तापानं फणफणली होती, म्हणून यादी बघायला मी गेले. नीट वाचलं मी नाव. अप्पांना जाऊन जेमतेम महिना, घेतलेली कामं तशीच पडलेली, माझ्या एकटीच्यानं होईना. परत येताना रस्त्यातच ठरवलं — एकच वर्ष थांबवायचं हिला. घरी येऊन म्हटलं, "नाही लागलं गं." ती भिंतीकडे तोंड करून पडली.

पुढच्या वर्षी म्हटलं, परत अर्ज कर. तर म्हणाली, "नको, मी ढच आहे." तेव्हा तरी सांगायचं होतं! जीभच रेटली नाही.

दुकान तरलं. ती स्वतःला ढ समजत त्रेचाळीस वर्षांची झाली. पोटच्या पोरीच्या अभ्यासाला कधी बसली नाही — "बाबांना विचार, मला नाही कळत." हे माझं पाप आहे. दुसरा शब्द नाही.

३ फेब्रुवारी

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

५ फेब्रुवारी

सांगायची छाती नाही, म्हणून भलतंच केलं. तिच्या नावानं त्याच अभ्यासक्रमाच्या पुढच्या तुकडीचा अर्ज भरला. तिची बारावीची गुणपत्रिका माझ्याच कपाटात आहे, इतकी वर्षं. उद्या आली की फोन समोर धरायचा. खूश होईल.

६ फेब्रुवारी

"मला न विचारता? ताई, मला नाही जमणार. मी ढ —"

"ढ नाहीस तू!" ओरडलेच मी. आणि मग सगळं बाहेर आलं. यादी, ताप, रस्ता, सगळं.

तिच्या हातात खळीचा ब्रश होता. तो तिनं वाटीत ठेवला, हात पुसले. कितीतरी वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "तेव्हाही तूच ठरवलंस. आत्ताही तूच." चप्पल घालून गेली. मी हाकसुद्धा मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

७ फेब्रुवारी

आली नाही.

९ फेब्रुवारी

फोन उचलत नाही. तिच्या नवऱ्याला केला. "जरा अंग दुखतंय म्हणते, काळजी करू नका ताई," म्हणाले. म्हणजे घरी बोललेली नाही ती. अजून मलाच पाठीशी घालतेय!

११ फेब्रुवारी

निबंध लिहिला. 'निर्णय मी घेतला' हे पहिलं वाक्य. मुदत उलटून गेली होती, तरी पाठवला.

मग तिचा अर्ज रद्द करायला बसले. बोट उचललं आणि थांबले — हेही परत मीच ठरवायचं? कागदावर तिचा पासवर्ड लिहिला, गुणपत्रिकेबरोबर पाकिटात घातला, तिच्या दाराखालून सरकवून आले. खाली एवढंच लिहिलं, 'तुझं तू बघ.' माफी मागायची होती. ती चार शब्दांत कशी मागतात, मला येत नाही.

१५ फेब्रुवारी

आली. आत नाही आली, दारातच उभी राहिली.

"यादीत कितवी होते मी?"

या वहीलासुद्धा सांगितलं नव्हतं मी.

"पहिली."