जोतीविजय डिरेक्टरीची नवी आवृत्ती

२ डिसेंबर, सकाळ
...अंगण झाडून झालं होतं, पाणी भरलं होतं, दूध तापत होतं. हे दाढी करता करता म्हणाले, "विजयमाला, इंदापुरात घरोघर फोन आलं, पर कुणाचा नंबर कुणाला ठावं हाय?" तेवढ्यात दूध उतू गेलं. आमच्या फोन डिरेक्टरीच्या कंपनीची स्थापना त्या काळी अशी झाली. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर कंपनीचा इतिहास छापायचा आहे. त्यातून दूध काढावं. ऑफिशियल वाटत नाही.
ठराव: संक्रांतीला डिरेक्टरी बाहेर. हे गेल्यापासून एकही निघाली नाही. खंड पडला म्हणायचं. बंद नाही.

३ डिसेंबर
इतिहास, पुढे. आमच्या दोघांच्या नावातून कंपनीचं नाव, जोतीविजय. हे लूनावर नंबर गोळा करत बावड्यापासून बारामती एमआयडीसीपर्यंत हिंडत. नियम एकच: फोन लावून माणूस बोलल्याशिवाय नंबर छापायचा नाही. पुढे मोबाईल आले. धंदा जरा थंडावला. तात्पुरता.
सूनबाई स्वरूपा म्हणाली, "आत्या, लोक आता बायकूचा नंबर बी पाठ करत न्हाईत." मी म्हटलं, म्हणूनच पुस्तक लागतं. ती भाकऱ्या थापायला वळली. पटलं असावं.

५ डिसेंबर
प्रेसवाले सिकंदरभाई म्हणाले, "वहिनी, छापतो की. पर घ्यायचं कुणी?" नऊ तारखेपर्यंत सांगा म्हणाले, कागद मागवायचा का नाही. नंतर मशीन लग्नपत्रिकांना लागणार. मी म्हटलं, नंबर तपासून सांगते.

६ डिसेंबर
फोन सुरू. ह्यांच्याच सिमवरून करते. रिचार्ज कधी चुकवला नाही. नंबर बघून लोक ओळखतील.
वरकुट्याच्या रतनबाई: "नाव कशाला पायजे? ओटीपी न्हाय देणार!" ठेवला.
बावड्याचे एक आबा: "काल केवायसीवाल्यानं गंडवलं, आज तुमी व्हय?" ह्यांचं नाव सांगितलं. म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या नावानं तरी फसवू नका, बाई."
नव्या फोनमध्ये जुने नंबर राहिले नसतील. उद्या आवाज गोड ठेवावा.

७ डिसेंबर
आवाज गोड ठेवला. संशय वाढला. एकजण पोलिसात देतो म्हणाला.
दुपारनंतर कुणी उचलेना. साखर कारखाना चालू आहे, लोक उसाच्या फडात असणार.

८ डिसेंबर
शेजारच्या शकुबाईंना मुलाने नवा फोन दिलाय, फोन करणाऱ्याचं नाव आपोआप दाखवणारा. आपलं नाव कसं उमटतं बघावं म्हणून त्यांच्यासमोर बसूनच रिंग दिली. स्क्रीन लाल झाली. त्यावर आलं: फ्रॉड बाई, इंदापूर. खाली बऱ्याच लोकांनी तक्रार केल्याचं.
शकुबाई म्हणाल्या, "अगं विजू, काल दोनदा वाजला हा. मी बी न्हाय उचलला. तुजा हाय ठावं असतं तर उचलला असता की गं." मग चहा टाकायला उठल्या. मी फोन कापला.
रतनबाईंनी फोन ठेवला तो नेटवर्क खराब म्हणून, असं इथे लिहिणार होते. नाही लिहीत.
एवढी वर्षं ह्या नंबरवरून हे बोलले. लोक उन्हात थांबवून पाणी द्यायचे त्यांना. त्या नंबराला हे नाव मी लावलं, तीन दिवसांत.

९ डिसेंबर
सिकंदरभाईंकडे गेले. कागद मागवू नका म्हणून सांगितलं. मग तिथेच बसून दुपारपर्यंत लग्नपत्रिकांना घड्या घातल्या.